उभ्या मोरीची कैफियत

अमरावती,
भाद्रपद वद्य एकादशी, १९५९

तीर्थरूप मोरोपंतकाका यांच्या पायांवर डोकं ठेवून पुतण्या वसंत याचा नमस्कार.

तुमचा दमा पावसाळा सरत आल्यामुळे आटोक्यात असेल, आणि सौ. काकूंचा गुडघा जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं प्रकृतीने बरे आहोत. (बाकी कशाने बरे आहोत ते पुढे कळेलच.) मनकर्णाआत्या परवाच्या सकाळच्या गाडीने निघून, बडनेऱ्याला गाडी बदलून, अकोल्याला सुखरूप पोचली असेल. तिच्याबरोबर ट्रंक, सोवळ्याची पेटी आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. लोणच्याची बरणी घेऊन माणूस चार दिवसांसाठी जात नाही, एवढं मला समजतं. आई गेल्यापासून जिने मला वाढवलं ती आत्या माझं घर सोडून भावाकडे गेली, ही गोष्ट एव्हाना अख्ख्या जुन्या शहरात झाली असेल. तिने तुम्हाला काय सांगितलं मला ठाऊक नाही. तिने काहीच सांगितलं नसेल, ही मला जास्त भीती आहे. तेव्हा माझी बाजू मीच लिहून पाठवतो. अकोल्यातली निम्मी घरं तुम्ही पूजेला बसवलीत, शास्त्र तुम्हाला पाठ आहे. सगळं वाचून झाल्यावर एका प्रश्नाचा निकाल तेवढा कळवावा, की लक्ष्मी पाइपातून जाते का.

मूळ गोष्ट उभ्या मोरीची. चारुशीला गेल्या माघात विहिरीच्या पायरीवरून घसरली हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून तिची कंबर धरलेली आहे. डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसणं बंद. आता आपल्याकडे बाईमाणसाने उकिडवं बसायचं नाही म्हटलं तर भांडी घासायची कशी? मोरी जमिनीला, राख जमिनीला, घंगाळ जमिनीला. मी विज्ञानाचा शिक्षक. मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला आणि मोतीराम गवंड्याला बोलावून खिडकीखाली उभा ओटा बांधून घेतला. ओट्यात सिमेंटची कुंडी, कुंडीच्या तळाला जाळी, जाळीखाली पाइप, पाइपाला भिंतीत एक बाक, आणि बाकातून पाणी घरामागे, मेंदीच्या कुंपणापलीकडच्या नालीत. (मुंबईकडे याला सिंक म्हणतात. आमच्या आळीत हे पहिलंच.) आत्या आधी बरीच चिडली. "उभ्यानं भांडे घासायचे, मंग जेवायचं बी उभ्यानंच का रे वसंता?" असं ती मोतीरामसमोर म्हणाली. पण एका सकाळी तिने चारुशीलेला भिंत धरून मोरीवरून उठताना पाहिलं, तोंडातला शब्द तोंडातच ठेवला आणि त्या दिवसापासून मोतीरामला चहा तिच्या हातचा मिळू लागला. हे मी मुद्दाम लिहितो. आत्या मनाने वाईट नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण सांगतो.

काम संपल्यावर सिमेंट उरलं, म्हणून मी मागच्या अंगणात फरशी करून घेतली. चिखल गेला, गांडुळं गेली, अंगण कसं कचेरीसारखं दिसू लागलं. मी येईल त्या माणसाला स्वयंपाकघरात नेऊन घागरभर पाणी कुंडीत ओतून दाखवत असे. ते गटागट जाई आणि शेवटी पाइपातून एक ढेकर येई. त्या ढेकरेवर माझा फार जीव होता.

मग महालक्ष्म्या आल्या. आपल्या घरची रीत तुम्हीच मला शिकवलीत: महालक्ष्म्यांच्या जेवणाचं उष्टं घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. अंगणात खड्डा करायचा, जेवणाऱ्यांनी त्यातच हात धुवायचे, पत्रावळी त्यातच, आणि वरून माती लोटायची ती घरातल्या वडीलधाऱ्या बाईने. जेवणाच्या दिवशी सकाळी आत्या मागच्या दारात कुदळ घेऊन उभी राहिली आणि फरशीकडे पाहू लागली. "खड्डा कुठं करू?" तिने विचारलं. मी (आता लिहिताना माझाच मला राग येतो, पण मी लपवणार नाही) म्हणालो, आत्या, आता खड्ड्याचं युग गेलं. पत्रावळी गाईला घालू आणि हात सगळे सिंकवर धुतील. आणि तसंच झालं. सवाष्णी, ब्राह्मण, शेजारपाजार, सगळे ओळीने उभे राहून हात धुऊन गेले. कुंडीने आंबील, कढी, पुरण सगळं विनातक्रार गिळलं. आत्या कुदळ जागेवर ठेवून देवघरात जाऊन बसली. तिच्या गप्प बसण्याला मी तिची संमती समजलो.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून पाणी हळू जाऊ लागलं.

हळू म्हणजे किती, ते सांगतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच मी घरी आणलं (हेडमास्तरांना सांगून), पण ते बघता बघता माझाच डोळा लागला. कुंडी भरली की पाणी नुसतं बसून राहायचं. मग कुठेतरी आत विचार केल्यासारखं एक बारीक सुर्र व्हायचं आणि पाणी बोटभर खाली सरकायचं. चारुशीला बिचारी अर्धी भांडी घासून, हात पुसून, भाजी चिरून, पुन्हा येऊन उरलेली भांडी घासायची. ओटा बांधला तिची कंबर वाचावी म्हणून, आणि आता ती आधीच्या दुप्पट वेळ उभी! हे मला सहन होईना. तुम्ही म्हणाल, वसंताची प्रतिष्ठा दुखावली. ती दुखावलीच. पण चारुशीलेची कंबर संध्याकाळी दुखायची ती काही प्रतिष्ठेने दुखत नव्हती.

मी निदानाला बसलो. पहिला संशय पुरणावर. एवढं पुरण पाइपातून गेलं, ते बाकात बसून घट्ट झालं असणार. मी पातेलंभर उकळतं पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा ओतला. पाणी तसंच उभं राहिलं, फक्त आता त्यातून वाफ येत होती. दुसरा संशय राखेवर, म्हणजे पर्यायाने चारुशीलेवर. मी तिला शांतपणे (ती म्हणते ओरडून) सांगितलं, की राखेने सिमेंटसारखा थर धरतो, आजपासून भांडी राखेने घासायची नाहीत. मग कशाने घासू, असं तिने विचारलं. यावर मी आधी विचार केलेला नव्हता. दोन दिवस चिंचेने घासली. पितळ झळाळलं, तवा होता तसाच राहिला आणि वरणाला आंबट चव येऊ लागली.

तिसरा संशय उतारावर. ज्याने शेकडो पोरांना पाणी उताराकडे वाहतं म्हणून शिकवलं, त्याच्याच घरात पाइपाला उतार नाही, असं निघालं तर मी तोंड कुठे दाखवायचं? मोतीरामची पाणसळ आणली. ओट्यावर ठेवली, भिंतीला लावली, बाहेर नालीवर पालथा पडून पाइपाच्या तोंडाशी धरली. पाणसळीतला बुडबुडा प्रत्येक वेळी मी म्हणेन तिथे उभा राहिला. उतार बरोबर होता, काका. ते माझ्यासाठी सगळ्यात वाईट झालं. उतार चुकला असता तर मोतीरामवर ओरडता तरी आलं असतं.

या सगळ्या काळात आत्या काय तक्रार करत होती? काही नाही. म्हणूनच मला संशय यायला हवा होता. जिने ओट्याचा एकेक दगड मोजून नावं ठेवली, ती आता ओट्याची वकिली करू लागली. "हळू जाते तं जाऊ दे न. पाण्याले का बडनेऱ्याची गाडी पकडायची हाय?" असं म्हणायची. मी पाइपात वाकून पाहू लागलो की म्हणायची, "काहून रे जीव काढून राहिला त्या मोरीचा? जेवून घे." मला वाटलं, म्हातारपणी माणूस समजूतदार होतो. मी चारुशीलेला तसं बोलूनही दाखवलं. ती पदराने तोंड पुसत होती. (तेव्हा वाटलं घाम पुसते आहे.)

मग आमचे शेजारी शेषराव वकील मदतीला आले. त्यांनी न बोलावता येण्याची तसदी घेतली. त्यांचं म्हणणं, दोष आपल्या पाइपात नाही, नालीत आहे. नालीतलं पाणी उलटं ढकलतं आहे. आपण नगरपालिकेला नोटीस देऊ. मी नाली दाखवली. ती कोरडी होती. तेव्हा ते म्हणाले, मग पाइपात हवा कोंडली आहे, आणि हवेला नोटीस देता येत नाही म्हणून त्यांनी आत्याची उलटतपासणी सुरू केली. महालक्ष्म्यांच्या दिवशी शेवटी मोरीवर कोण होतं? जाळी कोणी उचलली होती का? आत्याने जपमाळ थांबवली नाही. "मले काय इचारता, वकीलसाहेब? मोरीले इचारा, ती तुमच्यासारखीच गुरगुरते," म्हणाली. शेषरावांनी साक्षीदार फुटला असं जाहीर केलं आणि चहा घेऊन गेले.

शेवटी मोतीराम आला. त्याने बांबूची कामटी बाहेरून घातली. ती बाकापाशी थांबली. आतून घातली, तीही बाकापाशी थांबली. "बाक हाय न मास्तर तिथं. कामटी काई वळत नाई," तो म्हणाला. मलाही ते पटलं. दोन्हीकडून कामटी बाकापाशी थांबते, कारण तिथे बाक आहे. (यात काय चुकलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या यायला आठवडा लागला.) मोतीराम बराच वेळ कुंडीकडे पाहत उकिडवा बसला आणि म्हणाला, "पाइप ठीक हाय, बाकबी ठीक हाय. पाण्यातच दम नाई राह्यला." त्याने हे इतक्या गांभीर्याने सांगितलं की मी विहिरीचं पाणी सोडून नळाचं पाणी ओतून पाहिलं. त्यातही दम नव्हता.

मी खचलो, काका. वर्गात हौद भरण्याचं आणि रिकामा होण्याचं गणित घातलं, तर माझंच उत्तर आलं की हा हौद कधीच रिकामा होत नाही. पोरं खाली मान घालून हसली. त्याच तिरीमिरीत परवाच्या आदल्या दिवशी दुपारी मी मोतीरामला म्हटलं, बाक फोड. शेषराव हजर होतेच. मोतीरामने ओट्याखाली छिन्नी लावली, बाक सुटला आणि घमेल्यात एक पुरचुंडी पडली. हिरव्या खणाची, सोळा गाठींच्या दोऱ्याने बांधलेली. आत हळकुंड, सुपारी, आणि काळी पडलेली पुरणाची गोळी. लक्ष्मी नालीतून जाऊ नये म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाईने पाइपाला घातलेला दारबंद! (आत्याचा हात खांद्यापासून वर होत नाही, तिने ती जाळीखाली हातभर आत कशी सरकवली, हे मला अजून उलगडलेलं नाही.)

मोतीराम हसला, शेषराव हसले, आणि त्या दोघांसमोर माझं डोकं फिरलं. पंधरा दिवसांची पाणसळ, सोडा, चिंच, सगळं आठवलं. मी व्याख्यान दिलं. लक्ष्मीला वजन किती, लक्ष्मी पाण्यात विरघळते का, असले प्रश्न विचारले आणि मागच्या दारातून ती पुरचुंडी जोराने कुंपणापलीकडे नालीत भिरकावली. मग शेषरावांना उताराचं गणित समजावून सांगायला वळलो, तर दारात आत्या उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. आता पानी लौकर जाईल," आणि आत गेली. संध्याकाळी जेवली नाही. सकाळी ट्रंक दारात होती.

तर असा हा प्रकार आहे. मी विज्ञानाच्या बाजूने उभा होतो. पाइप स्वच्छ ठेवणं हे प्रत्येक गृहस्थाचं कर्तव्य आहे. तरी आपण शास्त्राधार पाहून लक्ष्मीच्या पाइपातून जाण्याविषयी निकाल कळवावा आणि तो आत्याला मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे तिचा गैरसमज दूर होईल. मोरीचं म्हणाल तर मोतीरामने बाक पुन्हा बसवून दिला आहे. पाणी आता डोळ्याची पापणी लवते न लवते तोच जातं, आणि शेवटी ढेकर येते. सौ. काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कृपालोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपला आज्ञाधारक
वसंत

ता. क. निकालाची घाई नाही. शास्त्राधार सापडला नाही तरी चालेल. आत्याला तेवढं परत पाठवा. मी घ्यायला आलो असतो, पण ती मला पाहून देवघरात जाऊन बसेल आणि मी तुमच्या ओसरीवर बसून राहीन, त्यात काय अर्थ? तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. चारुशीला माझ्याशी कामापुरतं बोलते. भांडी झटपट होतात, मग ती मागच्या पायरीवर रिकामी बसून राहते. दोन माणसांच्या घरात आवाजच नसतो हे मला माहीत नव्हतं. ती ढेकर ऐकवत नाही, काका.

ता. क. दुसरं. हे आत्याला सांगू नका. ती गेली त्या दुपारी मी नालीत पुरचुंडी शोधायला उतरलो होतो. धोतर खोचून, हातात काठी घेऊन, आमच्या मागच्या दारापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. मॅट्रिकच्या वर्गातली पोरं शाळेतून येत होती. एकाने विचारलं, "सर, काई हरवलं का?" मी म्हणालो, उतार बघतो आहे. नाली जवळजवळ कोरडी आहे, वाहून जाण्याइतकं पाणीच नाही, तरी पुरचुंडी कुठेच मिळाली नाही. अंगणातली एक फरशी मी मोतीरामला काढायला सांगितली आहे. पुढच्या वर्षी खड्डा तिथेच होईल. पण त्यावर माती लोटायची कोणी, हे तुम्ही तिला विचारा.

ता. क. तिसरं. पत्र बंद करणार तोच पाहिलं, आज सकाळपासून पाणी पुन्हा हळू जातं आहे. मला वाटतं, बाक बसवताना उतार बिघडला. पाणसळ आणतो आहे. जमेल तसं बघीन. आता पहिल्यासारखी चिडचिड होत नाही. पाकीट चारुशीलेकडे देऊन शाळेत जातो, ती पेटीत टाकील.

ती. काकांना चारुशीलेचा साष्टांग नमस्कार. पाकीट माझ्याकडे आलं म्हणून उरलेल्या जागेत चार ओळी लिहिते. या आत्यांना वाचून दाखवाव्या आणि उत्तरात याचा उल्लेख करू नये, तुमचं पत्र आधी हे फोडतात. आत्या, ती पुरचुंडी नालीत पडलीच नव्हती. यांचा नेम तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. मेंदीच्या कुंपणात अडकली होती, आतल्या बाजूला. हे वकीलसाहेबांना गणित सांगत होते तेव्हा मी काढून पदरात घेतली. तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही दार लावून घेतलं होतं, आणि सकाळी हे सारखे ट्रंकेपाशी उभे. घरातलं काही बाहेर गेलेलं नाही, आत्या. पहिल्यांदा आपण दोघींनी बसवली तशीच आज पहाटे मी एकटीने लाटण्याने सरकवून जागच्या जागी बसवली आहे. माझ्या कमरेची काळजी करू नका, मी भांडी दोन खेपांत घासते. घट बसायच्या आत या. यांना मी उताराच्या कामाला लावलं आहे.